भिंतीत रुतत गेलेला हात

श्रावण लागला की शाळाशाळांतून चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची गडबड सुरू होते आणि वर्षातून एकदा घरात माझा भाव वधारतो. एरवी चित्रकलेचा मास्तर म्हणजे काय? रिकामा तास भरून काढणारा, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवणारा, साहेब तपासणीला आले की फळ्यावर रंगीत खडूनं ‘सुस्वागतम्’ लिहिणारा. आमच्या हिनं, विमलनं, एकदा साखरेच्या आणि मिठाच्या डब्यांवर नावं घालायला सांगितली होती. मी अक्षरांना सावली देत बसलो, तेवढ्यात पाहुण्यांच्या चहात मीठ पडलं. ते मीठ आमच्या घरात अजून निघतं.

यंदा थोरलीला, सुजाताला, शाळेच्या हस्तलिखितासाठी निबंध मिळालाय : ‘मानवी कलेची वाटचाल’. परवा संध्याकाळी ती कागद-पेन घेऊन माझ्यासमोर बसली. बाहेर भुरभुर चालू होती.

“बाबा, जगातलं पहिलं चित्र कुणी काढलं?”

“अगं, कुणाला विचारायलीस?” विमल आतून म्हणाली. “आता आदिमानवापासून धरतील. तुझ्या निबंधापस्तोर यायला दिवाळी उजाडंल.”

मी खरंच आदिमानवापासून धरलं. सवय. म्हटलं, नाव कुणालाच माहीत नाही. पण कुणीतरी गुहेच्या भिंतीला आपला पंजा टेकवला, तोंडात लाल मातीचं पाणी घेतलं आणि पंजावर फुंकरलं. मग हात उचलला. सगळीकडं रंग आणि मधोमध हाताएवढी कोरी जागा. म्हणजे बघ, रंग जिथं लागला तिथं चित्र नाही, जिथं लागला नाही तिथं आहे.

सुजातानं ते लिहून घेतलं. “पुढं?”

पुढं मी दाराबाहेर बघत राहिलो. पाऊस जरा वाढला होता. व्याख्यान मधेच का थांबलं ते बघायला विमल हात पुसत बाहेर आली. “का हो, आदिमानव मेला का काय?” म्हणाली, आणि माझं तोंड बघून तिनं समोरचे कागद गोळा केले. मुलीला म्हणाली, “पोरी, ताटं घे. बाकीचं उद्या.”

ते बाकीचं हे असं आहे. निबंधात ते बसणारं नाही.

पंचमीच्या आधी माय भिंती पोतारायची. पोतारायचं म्हणजे पांढरी माती भिजवायची, तिच्यात भुसा आणि शेण कालवायचं, आणि फडक्यानं, नाहीतर नुसत्या तळव्यानं, भिंतीवर फिरवायचं. आमची वस्ती पालमच्या रस्त्याला एका गावाच्या कडेला होती. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या श्रावणाचं सांगतोय त्या श्रावणात तशी गावं लय होती, एकट्याचीच बदनामी कशाला? वस्तीनं देव सोडले होते, सणवार सोडले होते, विहारात वर्षावासाचं वाचन चालायचं. पण श्रावणात भिंती पोतारणं आणि लेकी माहेरी आणणं बायांनी सोडलं नव्हतं. कुणी टोकलं तर माय म्हणायची, “पंचमी सोडली बाबा, लेक कुठं सोडलीय?”

त्या ओल्या मातीचा वास मला रंगांच्या कुठल्याच डबीत पुन्हा सापडला नाही. माय भिंतीला पाठमोरी कधी नसायची. घरात आलेल्याशी बोलायचं तरी भिंतीकडं तोंड करूनच बोलायची. तिचा हात अर्धगोल फिरायचा आणि त्या फिरण्याच्या रेघा वाळल्यावर भिंतीवर तशाच राहायच्या, एकात एक गुंतलेल्या. पुढं कॉलेजात सरांनी मला ‘लयबद्ध रेषा’ म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तेव्हा मी भक्तिभावानं मान डोलवली होती. जसं काही जन्मात पहिल्यांदाच ऐकतोय.

आमच्या वस्तीतल्या बायांची एक रीत होती. दुसरीकडं कुठं मी ती बघितली नाही. लेक लग्न होऊन निघाली की चुलीशेजारच्या भिंतीचा एक तुकडा नव्यानं पोतारायचा आणि त्या ओल्या मातीत लेकीनं उजवा पंजा दाबायचा. ठसा तसाच वाळू द्यायचा. मग पहिल्या पंचमीला लेक माहेरी आली की तिनंच आपल्या हातानं माती घेऊन तो पंजा बुजवायचा. म्हणजे लेक आली, पोचली, घरात आली. तोवर भिंत कितीदाही पोतारा, पंजा सोडून पोतारायची.

कुसुमअक्का माझ्याहून मोठी. तिचा पंजा मला आठवतो तो ती दाबत होती तेव्हाचा. रडायचं सोडून हसत होती, कारण माती गार होती. करंगळी लहानपणी जात्यात सापडून वाकडी झालेली. ती मातीत नीट बसेना. “माय, ही वाकडीच व्हायलीय बघ,” अक्का म्हणाली. माय म्हणाली, “असू दे. वळखायला बरं.”

पहिल्या पंचमीला सासरच्यांनी तिला पाठवलं नाही. दिवस गेलेले होते, रस्ते चिखलाचे. दुसऱ्या पंचमीच्या आधीच बाळंतपणात ती गेली. बाळही गेलं. आमच्याकडं निरोप आला तेव्हा तिकडं सगळं आटोपलेलं होतं.

पंजा राहिला. बायांनी मायला सांगितलं, शेजारच्या गयामावशीनं तर हाताला धरून सांगितलं, “सखूबाई, बुजव आता. तुझ्या हातानं बुजव.” माय ऐकून घ्यायची आणि पोतारताना पंजाच्या कडेकडेनं बोट फिरवायची. दर साली भिंतीवर एक थर चढायचा आणि पंजा तेवढा आत जायचा. मी कॉलेजातून सुट्टीला यायचो तेव्हा तो आणखी खोल झालेला असायचा. कडा मऊ, गोल. बोटांच्या बेचक्यांत मायनं करंगळीनं माती बसवलेली. भाकऱ्या थापून झाल्या की माय आपला हात त्यात घालायची. जरासाच. चुलीची ऊब लागून भिंत कोमट असायची.

मी चित्रकलेचा विद्यार्थी, शहरातून नवी नवी अक्कल घेऊन आलेला. मी तिला सांगितलं, माय, अगदी अशीच सुरुवात झाली कलेची, जगभर. हात सोडून बाकीचं रंगवायचं. माय म्हणाली, “त्यांच्या बी लेकी यायच्या ऱ्हायल्या असतील.”

मानवी कलेची वाटचाल शिकवताना मी फळ्यावर एक लांब रेघ काढतो. इकडं गुहा, मग लेणी, मग देवळं, मग राजांचे महाल, मग श्रीमंतांचे दिवाणखाने, मग कॅलेंडर, आणि फळा संपत आला की सिनेमाची पोस्टरं. आता त्या रेघेच्या टोकाला रेडियमची अक्षरं आलीत, कात्रीनं कापून दुकानाच्या काचेवर चिकटवायची. ब्रशनं पाट्या रंगवणारे माझे दोस्त हात चोळत बसलेत. दारात रांगोळीचे स्टिकर, गणपती साच्यातले. मुलं विचारतात, सर, याच्या पुढं काय? मी म्हणतो, पुढं घंटा होणार. आणि खरंच घंटा होते.

पण ही रेघ सरळ नाही, हे मला त्या श्रावणानंतर कळलं. कॉलेजच्या सहलीत मी अजिंठा बघितला होता. तिथल्या चित्रांखालचा गिलावा माती, भुसा आणि शेण कालवूनच केलेला आहे, हे कळल्यावर मी उड्या मारत घरी आलो होतो. मायला वाटलं होतं नोकरी लागली. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं होतं, “तिथं पावसाचं काय करतेत?”

“वर डोंगर आहे ना, माय. लेणं डोंगराच्या पोटात आहे.”

“मंग टिकंलच की. आपल्यावर कुठं डोंगर हाय.”

तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, कलेचा इतिहास म्हणून आपण जो शिकवतो तो ज्यांच्यावर छप्पर राहिलं त्यांचा इतिहास असतो. बाकीच्यांनीही काढलीच असतील चित्रं. ती पावसात गेली, पुरात गेली, कुणीतरी काडी लावली त्यात गेली. माणसानं भिंत सोडून कापडावर चित्र काढायला घेतलं त्याची कारणं पुस्तकात मोठी मोठी दिलीत. मला एक साधं कारण दिसतं : कापड गुंडाळून पळता येतं. ज्यांना कधीही पळावं लागेल त्यांनी भिंतीवर काही ठेवू नये.

विद्यापीठाला नवं नाव द्यायचं ठरलं, आणि त्या श्रावणात मराठवाड्यात आमच्या वस्त्यांना आग लागली. मी तेव्हा परभणीत नवा मास्तर, एका खोलीत भाड्यानं राहत होतो. बसगाड्या बंद पडल्या. गावाकडच्या बातम्या कुणाच्या तरी तोंडून यायच्या आणि प्रत्येक तोंडात गावं वाढलेली असायची. गाड्या सुरू झाल्या त्या पहिल्या दिवशी मी निघालो. पोखर्णीच्या फाट्यावर पोलीस उभे होते. त्यांनी बसमध्ये चढून सगळ्यांकडं बघितलं, आणि सगळ्यांनी खिडकीतून हायब्रीड ज्वारीकडं बघितलं. पीक मांडीला लागलेलं, हिरवंगार. त्यासारखं पीक नंतर कुठल्या साली आलं नाही असं लोक सांगतात. त्याच पिकात माय आणि वस्तीतल्या बाया लेकरांची तोंडं दाबून बसल्या होत्या, ते मला नंतर कळलं. एवढंच कळलं. माय त्याच्या पुढचं कधी बोलली नाही.

वस्ती म्हणजे भिंती उरल्या होत्या. छपरं कापसाच्या काड्यांची आणि गवताची. ती जळायला कितीसा वेळ लागतो? विहाराच्या भिंतीवर मी रंगवलेला बुद्ध होता. त्याचं तोंड गावच्या पोलीस पाटलासारखं झालंय म्हणून वस्ती वर्षभर हसत होती. तो डोळ्यांपर्यंत काळा झाला होता. बरेच लोक शाळेच्या वऱ्हांड्यात पोलिसांच्या राखणीत होते, काही पाहुण्यांकडं निघून गेले होते. माय आमच्या घरात होती. म्हणजे तीन भिंतींच्या मधे, आभाळाखाली, चुलीजवळ बसलेली. चूल फुटलेली. मागं भिंत धुरानं काळी आणि तिच्यात तो पंजा, तोही काळा, पण जागच्या जागी.

“माय, चल परभणीला. खोली आहे माझी.”

“जाऊ की.”

“मग उठ.”

“कुसुम यायची हाय.”

वेड्यासारखं बोलली नाही. बसची वेळ सांगावी तसं बोलली. गयामावशी शाळेतून तिच्यासाठी भाकरी घेऊन आली होती, ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “उत्तम, मी सांगून सांगून थकले बाबा. म्हणती, मी गेले आन् भिंत पडली तर पोरगी येऊन बुजवंल काय? त्या दिवसापासून इथून हालंना. अंगात कणकण बी हाय तिच्या.”

छप्पर गेलेली मातीची भिंत वरून मरते. पाणी तिच्या डोक्यात शिरतं आणि ती आतून फुगते. एक जोराचा पाऊस झाला असता तर भिंत चुलीवर आली असती, म्हणजे मायवर. आभाळ गच्च होतं.

मी काय केलं असेल? सोबत आणलेल्या पेटीतून ड्रॉइंगचा मोठा कागद काढला. माणूस तरी दुसरं काय करणार, येतं तेच करतो. म्हटलं पंजा जसाच्या तसा, त्याच मापाचा काढतो, मायच्या हातात देतो, म्हणजे ती उठेल. कोळसा आणायला लांब जायचं नव्हतं. आमच्याच आढ्याचा तुकडा घेतला. इतकं नीट मी आयुष्यात काही काढलं नाही. ना आधी, ना नंतर. थरांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, वाकडी करंगळी, आतला अंधार. माय भिंतीला टेकून बघत होती.

“झालं का?”

“झालं. बघ.”

तिनं कागद दोन्ही हातांनी धरला. लांब धरला, जवळ धरला. “लय झकास झालंय रं. करंगळी जशीच्या तशी.”

“मग चल आता. हे घेऊन जाऊ. कुठंही नेता येईल, भिजणार नाही, मी काचेत बसवून देतो.”

मायनं कागद मांडीवर ठेवला आणि चित्रातल्या पंजावर आपला पंजा टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, “ह्यात हात जाईना की, उत्तम.”

मी कागद गुंडाळला. पुढं कितीदा तरी वर्गात मुलांना सांगितलं असेल, चित्रात खोली दाखवायला शिका.

दिवस मावळायच्या सुमाराला भानुदासराव आले. गावातले लहान शेतकरी. माय त्यांच्या रानात खुरपायला जायची. काखेत ताडपत्री होती. इकडंतिकडं बघत त्यांनी ती टाकली. “सखूबाई, भिंतीवर टाक. आन् उत्तम, कुणी इचारलं तर बाजारातून आणली म्हण.”

माय म्हणाली, “मालक, हिच्यावर तुमचं नाव हाय की ठसठशीत.”

होतं. ते नाव मीच घातलं होतं, मागच्या सुट्टीत, अक्षरांना सावली देऊन.

“उलटी करून टाका,” भानुदासराव म्हणाले. मग जायचे थांबले. भिंतीकडं बघत होते. “हे काय हो, पंजा?”

“लेकीचा.”

त्यांच्याही घरात लेक होती, पंचमीला आलेली. त्यांच्या दारच्या लिंबाला झोका बांधलेला बसमधून मला दिसला होता. जाताना म्हणाले, “आमच्या गल्लीतला एकबी न्हवता बरं का त्यात.” मायनं मान हलवली. हो अशी का नाही अशी, ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

पाऊस आला तो ताडपत्रीला न जुमानणारा आला. मी मायला ओढून शाळेच्या वऱ्हांड्यात नेलं. ती आली, कारण अंगात ताप चढला होता आणि तिला फार झगडता आलं नाही. उजाडलं तेव्हा पाऊस थांबला होता. माय माझ्याआधी उठून गेली होती. मी धावत वस्तीवर आलो.

दोन भिंती बसल्या होत्या. मातीचे ढीग, त्यांतून गवत दिसत होतं, भुसा दिसत होता, मायनं सालोसाल कालवलेला. चुलीची भिंत उभी होती, पण पोटात फुगून पुढं झुकली होती. माय तिच्यासमोर उकिडवी बसून पडलेल्या भिंतीची माती कालवत होती. पांढरी नव्हतीच ती आता. राख मिसळून करडी झाली होती.

“माय, मागं सर. पडेल ती.”

“पडू दे.” तिनं मातीचा गोळा हातात घेतला. “किती साल पोरीला दारात उभी करायची? आता घरात घेते तिला.”

आणि तिनं पंजा बुजवायला घेतला. आधी तळवा. माती आत दाबायची, अंगठ्यानं बसवायची, पुन्हा गोळा घ्यायची. मला वाटायचं तो पंजा बोटभर खोल असेल. माती जातच राहिली. मग एकेक बोट. करंगळीपाशी तिचा हात थांबला. तिथं तिनं माती नुसती टेकवली, दाबली नाही. मग तळव्यानं वरून अर्धगोल फिरवला, एकदा, दोनदा, आणि भिंत सपाट झाली. काळ्या भिंतीवर एक ओला करडा तुकडा. कुणी नवखा आला असता तर त्याला वाटलं असतं, कुणीतरी भिंत दुरुस्त करायला घेतलीय.

घर म्हणजे तेव्हा ती एक भिंत होती. त्या घरात अक्का आली.

गयामावशी पाठीमागं येऊन उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता. माय उठली, गुडघ्यांवर हात देऊन, आणि म्हणाली, “चला. गाडी किती वाजता हाय?”

भिंत नंतर कधी पडली ते मला ठाऊक नाही. आम्ही बघायला गेलो नाही. पुढं सरकारनं पत्र्याची घरं दिली, वस्ती पुन्हा उभी राहिली, आणि यंदाच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नावही बदललं. बदललं म्हणण्यापेक्षा वाढलं. त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले. विमलनं मायच्या फोटोसमोर पेढा ठेवला, आणि मग मुंग्या लागतील म्हणून तिनंच उचलून मला दिला. मी खाल्ला. गोड होता.

लोक म्हणतात हा सगळा इतिहास आहे, आणि इतिहासात कला बदलत जाते. जात असेल. मी मुलांना तेच शिकवतो, त्याचाच पगार घेतो. परवा सुजातानं निबंध पुरा केला. माझ्यावाचूनच केला, आणि चांगला केला. पहिलं चित्र कुणी काढलं ते माहीत नाही, असं तिनं लिहिलंय. बरोबर आहे. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही की काही चित्रं काढण्यासाठी नाही, कुणी येईपर्यंत उघडी ठेवण्यासाठी असतात. केव्हातरी सांगेन. तिचं लग्न ठरायच्या आत सांगेन.

त्या दिवशी परभणीच्या बसमध्ये माय खिडकीशी बसली होती. मातीचा हात तिनं धुतला नव्हता. तो मांडीवर उताणा ठेवला होता आणि वाळत चालला होता. कंडक्टर आला, त्यानं हाताकडं बघितलं, तिकिटं फाडून मला दिली आणि पुढं गेला. गंगाखेड गेलं. नदी गढूळ, दुथडी. बऱ्याच वेळानं मायनं विचारलं,

“तुझ्या खोलीच्या भिंती कशाच्या हायत रं?”

“सिमेंटच्या, माय. वरून ऑइलपेंट दिलाय मालकानं. गुळगुळीत आहेत.”

तिनं मांडीवरच्या हाताकडं बघितलं.

“म्हंजी काहीबी लागलं तर फडक्यानं निघतंय?”

“निघतं.”

“बरं हाय,” माय म्हणाली, आणि वाळलेली माती नखानं काढायला लागली.